आधी तोंडाने म्हणा : मेटलचा रिफ रचण्यापासून गाणे उभे करण्यापर्यंत

गिटार शिकायला लागून वर्ष-दीड वर्ष झालेली, आवडत्या बँडची चार-सहा गाणी टॅब (कोणत्या तारेवर कुठे बोट ठेवायचे ते दाखवणारे लेखन) पाहून वाजवू लागलेली मुलेमुली स्वतःचे काही रचायला बसतात, तेव्हा बहुतेकांचा डावा हात गिटारच्या मानेवर वरखाली फिरू लागतो आणि कोणत्या फ्रेटनंतर (मानेवरच्या पट्ट्यांनी पाडलेल्या घरानंतर) कोणता फ्रेट घेतला तर भारी वाटेल, याचा शोध सुरू होतो. मी स्वतः पहिली तीन वर्षे या शोधात घालवली आणि त्या काळात रचलेला एकही रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा, आज माझ्या कोणत्याही गाण्यात नाही. एके दिवशी सरावाच्या खोलीत माझ्या ड्रमर मित्राने माझा नवा रिफ दोनदा ऐकला, गिटारच्या तारांवर हात ठेवून त्या बंद केल्या आणि "आता हाच तोंडाने म्हणून दाखव," असे सांगितले. मला ते जमेना, कारण त्या रिफला स्वर होते पण बोल नव्हते. मेटलचा, म्हणजे रॉकच्या या जड शैलीतला, रिफ आधी तालात जन्माला येतो आणि स्वर त्यावर नंतर चढतात, हे मला त्या दिवशी कळले. म्हणून या लेखातील पायऱ्याही त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

स्वरांची नावे मी मुद्दाम सरगमीत दिली आहेत, कारण ती आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवर लहानपणापासून पडलेली असतात. सर्वांत जाड तार मोकळी वाजवली की जो स्वर निघतो तो आपला 'सा' असे या लेखापुरते धरावे. उजवा हात म्हणजे पिक (तारा छेडण्याची छोटी चकती) धरणारा हात; डावखुऱ्या वादकांनी हात उलटे समजून वाचावे.

वाद्याची तयारी

तयारीत फार वेळ घालवू नये. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये जाड तार सुमारे ८२ हर्ट्झला, म्हणजे ई या स्वराला असते. तीच एक तार दोन फ्रेटइतकी सैल करून डी वर आणली की ड्रॉप डी ट्यूनिंग होते आणि खालच्या तीन तारांवर एकच बोट आडवे ठेवून पॉवर कॉर्ड (सा आणि प एकत्र) वाजवता येते. पहिल्या दोन-तीन गाण्यांसाठी या दोहोंपैकी एक निवडून तेच कायम ठेवावे. यापेक्षा खाली जायचे असेल, तर आधी जाड तारांचा संच चढवावा. नेहमीचा १०–४६ चा (हे आकडे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेच्या जाडीचे) संच फार खाली उतरवला की तार लोंबते आणि प्रत्येक आघाताबरोबर तिचा स्वर क्षणभर वर उडतो.

गेनबद्दल, म्हणजे गिटारच्या आवाजाला डिस्टॉर्शनची खरखर देणाऱ्या ॲम्प्लिफायरवरच्या बटणाबद्दल, मात्र थांबून सांगायला हवे. खोलीत एकट्याने वाजवताना गेन पूर्ण चढवला की आवाज भरदार वाटतो आणि चुका झाकल्या जातात, त्यामुळे त्याची सवय लागते. आमच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमात मी गेनचे बटण शेवटपर्यंत फिरवले होते. नंतर प्रेक्षकांतून कोणीतरी फोनवर केलेले रेकॉर्डिंग ऐकले, तेव्हा ड्रम आणि बास गिटार स्पष्ट होते आणि गिटारच्या जागी पाऊस पडल्यासारखा एकसलग आवाज होता. आघात वेगवेगळे ऐकू येईनासे होतात त्या बिंदूच्या अलीकडे गेन थांबवावा. उरलेली जाडी उजव्या हातातून आणि पुढे दुसऱ्या गिटारमधून येते.

पहिली पायरी : बंद आणि खुला आघात

मेटल गिटारचे दोन मूळ बोल आहेत. उजव्या तळहाताची करंगळीकडची कड तारा ब्रिजमधून (गिटारच्या अंगावरच्या, तारा अडकवलेल्या पट्टीतून) बाहेर पडतात तिथे हलकेच टेकवून आघात केला, की दबका, ठोस आवाज येतो. याला पाम म्यूट म्हणतात आणि बोलताना त्याला सगळे 'चग' म्हणतात. तळहात उचलून आघात केला की तार मोकळेपणी झंकारते. पखवाजाच्या डाव्या पुडीवरही बंद आणि खुला अशा दोन बोलांत हाच फरक असतो.

तळहात नेमका कुठे ठेवायचा, यात अर्ध्या सेंटिमीटरचा फरकही मोठा असतो. हात मानेच्या दिशेने पुढे सरकला की स्वर मरतो आणि फक्त टकटक उरते. ब्रिजच्या फार मागे गेला की दाब लागत नाही आणि तार भणभणत राहते. मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून प्रत्येक ठोक्याला चार बंद आघात द्यावेत आणि तळहात केसाएवढा पुढेमागे करत, दबलेला असूनही ज्याचा स्वर ओळखता येतो असा आवाज शोधावा. ती जागा सापडली की रोज पाच मिनिटे तिथेच वाजवावे, म्हणजे हात ती लक्षात ठेवतो.

हे आघात आधी सगळे खालच्या दिशेने द्यावेत. खाली-वर अशा आलटून-पालटून दिलेल्या आघातांपेक्षा केवळ खालच्या आघातांचा आवाज अधिक एकसारखा आणि कठीण येतो, आणि अमेरिकी थ्रॅश मेटलचा, म्हणजे मेटलच्या वेगवान, आक्रमक शाखेचा, कणखरपणा मोठ्या प्रमाणात तिथून आलेला आहे. मेटालिकाच्या जेम्स हेटफील्डने १९८६ च्या 'मास्टर ऑफ पपेट्स' या शीर्षकगीतात सेकंदाला सुमारे सात आघात सलग खालच्याच दिशेने वाजवले आहेत. नवशिक्याने त्या वेगाच्या मागे लगेच लागू नये. मनगट आखडले किंवा कोपरापर्यंत ताण जाणवला की थांबावे, वेग पाच-दहाने उतरवावा आणि पिक किती खोल जाते ते पाहावे. पिकचे फक्त टोक तारेला लागले तर श्रम निम्मे होतात.

दुसरी पायरी : रिफ बोलांत रचणे

आता गिटार बाजूला ठेवावी. खुल्या आघाताला 'झं' आणि बंद आघातांना 'च' व 'ग' असे म्हणू. चार ठोक्यांचे एक आवर्तन घ्यावे, प्रत्येक ठोक्याचे चार भाग करावेत, म्हणजे सोळा मात्रा होतात. त्या सोळा मात्रा चार-चारच्या सारख्या गटांत भरल्या तर 'झंचगच झंचगच' असे काहीतरी होईल, ते वाजवायला सोपे असेल आणि ऐकणाऱ्याला पुढचे सगळे आधीच कळलेले असेल. गट मोडण्यातून रिफ जन्मतो. सोळा मात्रांचे ३-३-२-३-३-२ असे गट पाडावेत आणि प्रत्येक गटाची सुरुवात खुल्या आघाताने करावी :

झंचग झंचग झंग, झंचग झंचग झंग.

हे हाताने चार ठोके देत मोठ्याने म्हणावे. दुसरा, तिसरा 'झं' ठोक्यावर न पडता ठोक्याच्या मागेपुढे पडतो आणि अंग आपोआप पुढे झुकते. बोल म्हणताना मान हलायला लागली, तर रिफ गिटारवर न्यायच्या लायकीचा झाला आहे. मान हलत नसेल, तर गट बदलावेत : ३-३-३-३-४, किंवा ५-५-६, किंवा ३-३-४-३-३. प्रत्येक वेळी बेरीज सोळा आली पाहिजे, एवढेच पाळावे. अशा दहा-बारा मांडण्या तोंडाने म्हणून पाहाव्यात आणि दोन ठेवाव्यात.

मग त्या फक्त मोकळ्या जाड तारेवर वाजवाव्यात, डावा हात मांडीवर ठेवून. ही अट जाचक वाटते, पण ती मोडू नये. एकाच स्वरावर जो रिफ उभा राहत नाही, तो सात स्वर घातल्यावरही उभा राहत नाही, आणि हे आत्ता कळले तर पुढचे तीन आठवडे वाचतात. वेग आधी ७० ठेवावा, मग दर दिवशी थोडा वाढवत १०५ पर्यंत न्यावा. १०५ ला सोळा मात्रांचा हिशेब सेकंदाला नेमके सात आघात असा येतो. तेवढ्या वेगात सगळे आघात खाली देणे झेपत नसेल, तर आलटून-पालटून द्यावेत, पण मग काही 'झं' वरच्या दिशेच्या आघातावर येतील आणि ते दुबळे पडू लागतील. आपल्या मांडणीत चौथ्या आणि बाराव्या मात्रेवरचे 'झं' असे वर जाणारे आहेत, म्हणून तेवढे दोन वेगळे काढून घासावेत.

तिसरी पायरी : स्वर चढवणे

मेटलमध्ये पूर्ण कॉर्डऐवजी पॉवर कॉर्ड, म्हणजे सा आणि प, फार तर तार सा (वरच्या सप्तकातला सा), इतकेच का वाजवतात, याला आवाजाच्या शास्त्रातले कारण आहे. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवे स्वर तयार होतात. सा आणि प यांचे प्रमाण २:३ आहे, वजाबाकी १ येते, आणि तो खालच्या सप्तकातील सा असतो; म्हणून कॉर्ड आहे त्यापेक्षा जाड ऐकू येते. शुद्ध गांधार घातला की घोटाळा होतो, कारण गिटारच्या फ्रेटवरचा गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एक सेंट म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो, तर पंचमातील फरक जेमतेम २ सेंटचा असतो. हार्मोनियमचा गांधार गवयांना का टोचतो, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. साध्या आवाजात कानाआड जाणारी ती तफावत डिस्टॉर्शन मोठी करून समोर ठेवते.

जाड तारेवर स्वरांच्या जागा अशा येतात : पहिल्या फ्रेटवर कोमल रे, तिसऱ्यावर कोमल ग, पाचव्यावर शुद्ध म, सहाव्यावर तीव्र म, सातव्यावर प, आठव्यावर कोमल ध, दहाव्यावर कोमल नी आणि बाराव्यावर तार सा. यांत दोन स्वरांचे महत्त्व मेटलमध्ये विशेष आहे. कोमल रे हा सा ला खेटून असल्याने त्याच्यावरून सा वर परतताना धोका टळल्यासारखे वाटते. तीव्र म हा सप्तकाच्या बरोबर मध्यावर असल्याने त्याला कुठेच विसावा नसतो. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथने १९७० साली पहिल्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात सा, तार सा आणि तीव्र म एवढ्या तीन स्वरांवर संथ रिफ उभा केला, आणि मेटलचा आरंभ शोधणारे बहुतेक लोक त्या तीन स्वरांपाशी येऊन थांबतात.

त्या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तरुणपणी पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून तुटली होती. तो डावखुरा, म्हणजे फ्रेट दाबण्याचाच तो हात. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, तारा हलक्या वापरल्या आणि १९७१ च्या तिसऱ्या अल्बममधील अनेक गाण्यांसाठी गिटार तीन फ्रेटइतकी खाली उतरवली, म्हणजे तारा सैल होऊन दाबायला सोप्या झाल्या. जड, खोल आवाजाची जी परंपरा आज आपण सहज उचलतो, तिच्या मुळाशी एका माणसाच्या दुखऱ्या बोटांची सोय आहे. स्वतःच्या हाताला जे जमत नाही त्याबद्दल खंत करत बसलेल्या विद्यार्थ्यांना मी ही हकीकत नेहमी सांगतो.

कोणते स्वर एकत्र घ्यावेत, यासाठी सुरुवातीला तीन संच पुरेत. आसावरी थाटाचे स्वर म्हणजे पाश्चात्त्यांचा नैसर्गिक मायनर. पारंपरिक हेवी मेटलचा मोठा भाग त्यात बसतो. त्यातला रे कोमल केला की भैरवी थाट, म्हणजे फ्रिजियन, होतो आणि थ्रॅश व डेथ मेटलचा काळोख तिथे सुरू होतो. भैरवीतला ग शुद्ध केला की बसंत मुखारीचे स्वर मिळतात, ज्यांना गिटारवादक फ्रिजियन डॉमिनंट म्हणतात. हे फक्त स्वरांचे साम्य आहे. राग म्हणजे केवळ स्वरसंच नव्हे, त्याचे चलन (स्वरांची चाल) आणि न्यास (थांबण्याच्या जागा) वेगळे असतात. त्यामुळे रिफमध्ये हे स्वर वापरले म्हणून आपण राग वाजवला, असा दावा करू नये.

आता आपल्या मांडणीवर स्वर चढवू. बंद आघात सगळे मोकळ्या सा वरच राहू द्यावेत आणि फक्त 'झं' च्या जागी पॉवर कॉर्ड घ्याव्यात : सा, सा, कोमल रे, सा, सा, कोमल ग. सहा 'झं' पैकी चार सा वरच आहेत, हे पाहून कंजुषी वाटेल. पण कोमल रे आणि कोमल ग यांना वजन येते ते त्यांच्या आधी सा दोन-दोनदा ऐकल्यामुळे. प्रत्येक आघाताला नवा स्वर देणे ही नवशिक्यांची सर्वांत सार्वत्रिक चूक आहे आणि तिच्यामुळे रिफचा व्यायामपाठ होतो.

चौथी पायरी : पुनरावृत्ती आणि शेपूट

एक आवर्तन म्हणजे अजून रिफ नव्हे. ते किती वेळा तसेच ठेवायचे आणि कधी मोडायचे, हा निर्णय रिफ घडवतो. १९९१ च्या 'एंटर सँडमन' या गाण्याचा रिफ गिटारवादक कर्क हॅमेटने आणला, तेव्हा त्याचा पहिला भाग आणि जड शेवट आलटून-पालटून येत होते. ड्रमर लार्स उलरिकने पहिला भाग तीनदा घेऊन शेवट एकदाच घेण्याचे सुचवले, आणि जगाला पाठ झालेला रिफ तयार झाला. त्यात एकही नवा स्वर आला नाही, बदलला तो फक्त क्रम.

आपणही पहिले आवर्तन तीनदा तसेच ठेवू आणि चौथ्याला ३-३-३-३-४ असे मोडू : झंचग झंचग झंचग झंचग झं. शेवटच्या 'झं' ला चार मात्रा पूर्ण झंकारू द्यावे. त्या पाच खुल्या आघातांवर प, तीव्र म, शुद्ध म, कोमल ग आणि शेवटी कोमल रे असे उतरत यावे, म्हणजे जाड तारेवर ७, ६, ५, ३, १. कोमल रे वर रिफ लोंबकळत राहतो आणि पुढच्या आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, सा आला की सुटका होते. १०५ च्या लयीत ही चार आवर्तने साधारण नऊ सेकंदांत संपतात. सलग पाच वेळा वाजवावीत. पाचव्या वेळीही शेपटाची वाट पाहावीशी वाटली, तर रिफ पक्का झाला.

तबला ऐकणाऱ्या घरात वाढलेल्यांना इथे एक आयते हत्यार मिळते, ते म्हणजे तिहाई. पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा रिकामी, पुन्हा पाच, पुन्हा एक रिकामी, पुन्हा पाच. एकूण सतरा मात्रा होतात आणि शेवटचा आघात बरोबर पुढच्या समेवर पडतो. चार बंद आघात आणि पाचवा खुला असा तुकडा बांधला, तर रिफचे असे शेपूट तयार होते की ते पहिल्यांदा ऐकणारा मोजणी चुकतो आणि समेवर येऊन आदळतो.

स्वीडनच्या उमेओ शहरातील मेशुगा या बँडने याच जातीचा विचार फार पुढे नेला आहे. त्यांचे गिटारचे तुकडे विषम मात्रांचे असतात आणि ड्रमरचे पाय गिटारबरोबर धावतात, पण त्याचा एक हात झांजेवर साधे चार ठोके देत राहतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला धरायला आधार उरतो. सात मात्रांचा तुकडा चार आवर्तनांच्या चौसष्ट मात्रांत नऊ वेळा बसतो आणि एक मात्रा उरते. ती एक मात्रा भरून पुन्हा समेपासून सुरुवात करावी. कागदावर चौसष्ट चौकोन आखून हे करून पाहावे. मात्र हे पहिल्या गाण्यात घालू नये. साधा ३-३-२ पोटात मुरल्यावरच विषम मात्रांची गंमत ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचते.

पाचवी पायरी : ड्रमरच्या कानांनी ऐकणे

एकच रिफ ड्रमच्या ठेक्यानुसार दोन वेगळे रिफ होऊ शकतो, आणि गिटारवादकाला हे माहीत नसेल तर तो उगाच नवे रिफ रचत बसतो. आपल्या सोळा मात्रांत स्नेअर (ड्रमसंचातला कडक, तीक्ष्ण आवाजाचा ड्रम) नेहमीप्रमाणे दुसऱ्या व चौथ्या ठोक्यावर, म्हणजे पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर ठेवला, तर तो दोन्ही वेळा बंद 'च' वर पडतो. गिटार आणि स्नेअर एकमेकांना ओढतात आणि रिफ धावू लागतो. आता स्नेअर फक्त तिसऱ्या ठोक्यावर, म्हणजे नवव्या मात्रेवर न्यावा. तिथे आपला खुला 'झं' आहे, त्यामुळे सगळे वजन एकदम पडते आणि तोच रिफ निम्म्या गतीचा, ब्रेकडाउनसारखा (गाण्यातल्या मुद्दाम संथ, जड केलेल्या भागासारखा) वाटू लागतो. गिटारने काहीही बदललेले नसते. शेपटात शेवटचा 'झं' तेराव्या मात्रेवर येतो, म्हणजे धावत्या ठेक्यात स्नेअरची आणि खुल्या कॉर्डची गाठ तिथे पहिल्यांदाच पडते. शेपूट इतके ठाम का वाटते, त्याचे कारण हे आहे.

ड्रमर हाताशी नसेल तर संगणकावर किंवा फोनवर साधा ठेका आखून घ्यावा. बेस ड्रम आधी फक्त 'झं' वर ठेवावा. पण शक्य असेल तेव्हा माणसाबरोबर वाजवावे आणि प्रत्यक्ष कार्यक्रमांना जावे. भयानक मौत, झिग्नेमा, डिमॉनिक रिझरेक्शन या मुंबईच्या बँडची रेकॉर्डिंग घेऊन, गिटारकडे दुर्लक्ष करून फक्त स्नेअर कुठे पडतो ते लिहून काढण्याचा सराव मी अजूनही करतो.

सहावी पायरी : रिफमधून गाणे

नवशिक्याच्या गाण्यात बहुधा नऊ-दहा रिफ असतात आणि त्यांतला एकही दुसऱ्यांदा येत नाही. ऐकणाऱ्याला परतीची जागा लागते. पहिल्या गाण्याला तीन रिफ पुरतात : एक मुख्य, एक कडव्यासाठी आणि एक कोरससाठी.

मुख्य रिफ वर झालाच आहे. कडव्याचा रिफ त्याच्यातूनच काढावा. शेपूट गाळावे, खुले आघात सहावरून दोनवर आणावेत आणि बाकी सगळे बंद ठेवावे, कारण तिथे गाणाऱ्याला जागा हवी असते. गिटार आणि आवाज दोघेही एकाच वेळी सोळा मात्रा भरू लागले की शब्द बुडतात. मराठीत शब्द लिहिणाऱ्यांनी लघु-गुरूचा विचार जरूर करावा. गुरू अक्षर खुल्या आघातावर आणि लघु अक्षरे बंद आघातांवर पडली की ओळ स्वतःहून रिफवर बसते, उलट झाले तर गुरगुरत्या आवाजात शब्द चिरडले जातात.

कोरसमध्ये उजव्या हाताला विश्रांती द्यावी. सा, कोमल ध, शुद्ध म, कोमल नी या चार पॉवर कॉर्ड एकेक आवर्तन पूर्ण झंकारू द्याव्यात. इतका वेळ बंद आघात ऐकलेल्या कानांना हा मोकळेपणा फार मोठा वाटतो. दुसरी गिटार असेल तर तिने इथे वरच्या तारांवर पहिलीच्या सुरावटीला त्याच थाटातल्या दोन स्वर वरून साथ द्यावी, म्हणजे पहिली सा वर असताना दुसरी कोमल ग वर. आयर्न मेडनने ही जोडगिटार घराघरांत पोहोचवली आणि पुढे १९९० च्या दशकात स्वीडनच्या गॉथेनबर्गमधील बँडनी ती डेथ मेटलमध्ये आणली. बासने मात्र सर्वत्र गिटारची सावली होऊ नये. कडव्यात त्याने फक्त खुले आघात उचलले तरी चालते.

आता मांडणी करू. सुरुवातीला मुख्य रिफ आठ आवर्तने, त्यांतली पहिली चार एकट्या गिटारवर. मग कडवे सोळा, मुख्य रिफ चार, कोरस आठ, मुख्य रिफ चार, दुसरे कडवे सोळा, कोरस आठ, सोलो आठ, मग निम्म्या गतीच्या ठेक्यावर मुख्य रिफ आठ, शेवटचा कोरस आठ आणि अखेरीस मुख्य रिफ पुन्हा आठ. एकूण ९६ आवर्तने होतात आणि १०५ च्या लयीत गाणे साधारण तीन मिनिटे चाळीस सेकंदांचे होते. हा आराखडा पाळलाच पाहिजे असे नाही, पण तो कागदावर लिहून भिंतीला लावल्याशिवाय सरावाला बसू नये. आपण कुठल्या चौकटीत आहोत हे चौघांपैकी एकाला जरी ठाऊक नसेल, तरी तासभर वाया जातो.

रिफांच्या सांध्यांवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण दोन चांगले रिफ नुसते शेजारी ठेवले तर ते परक्यासारखे वागतात. माझ्या वापरातले तीन सांधे आहेत. एक, आधीच्या रिफच्या शेवटच्या ठोक्याला सगळ्यांनी एकदम गप्प व्हावे. डिस्टॉर्शनच्या गोंगाटात एका ठोक्याची शांतता कोणत्याही ड्रमफिलपेक्षा मोठी ऐकू येते, फक्त तारा दोन्ही हातांनी पूर्ण बंद करायला हव्यात. दोन, नवा रिफ आधी एकट्या गिटारने एकदा वाजवावा आणि मग सगळ्यांनी आत यावे. तीन, आधीच्या रिफचा शेवटचा स्वर नव्या रिफच्या पहिल्या स्वरापेक्षा अर्ध्या स्वराने वर किंवा खाली ठेवावा. आपल्या शेपटातला कोमल रे नेमके हेच काम करतो.

सोलोबद्दल इथे थोडेच सांगतो. तो शेवटी रचावा, त्याच्याखाली कोरसच्या कॉर्ड ठेवाव्यात, आणि गाणे सोलोशिवाय पूर्ण वाटत असेल तर ती आठ आवर्तने काढून टाकावीत.

सातवी पायरी : जपणे, गाळणे, पूर्ण करणे

रिफ सुचला की त्याच क्षणी फोनवर रेकॉर्ड करावा. सकाळी आठवेल या भरवशावर मी झोपी गेलो आणि कित्येक रिफ गमावले. स्वर आठवले, पण गट आठवले नाहीत. गिटार हाताशी नसेल, लोकलमध्ये उभे असाल, तर बोल तोंडाने म्हणून ठेवावेत, लोक पाहतात त्याची पर्वा करू नये. फाइलच्या नावात तारीख, लय आणि ट्यूनिंग तिन्ही लिहावे, नाहीतर सहा महिन्यांनी तो रिफ कोणत्या ट्यूनिंगमध्ये होता हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

दर महिन्याच्या शेवटी हा साठा एका बैठकीत ऐकावा. ऐकताना गिटार हातात घेऊ नये, कारण बोटांना जे वाजवायला मजा येते ते कानाला आवडते असे नाही. तिसऱ्यांदा ऐकताना जो रिफ पुढे ढकलावासा वाटतो, तो बाजूला काढावा; पुसू नये, कारण एका गाण्यात न बसलेला रिफ लय बदलून दुसऱ्या गाण्याचा सांधा होतो, असे माझ्या बाबतीत अनेकदा घडले आहे.

गाण्याचा आराखडा ठरला की संगणकावर कच्चे रेकॉर्डिंग करावे. एकच गिटार दोनदा वेगवेगळी वाजवून एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवावी. पहिल्या रेकॉर्डिंगची प्रत करून दुसऱ्या बाजूला ठेवली तर रुंदी येत नाही, कारण ती दोन हातांनी केलेल्या आघातांतल्या बारीक फरकांतून येते. हे दुहेरी वाजवणे निर्दय परीक्षक आहे : ज्या जागी दोन्ही गिटार फाटतात, त्या जागेचा ताल तुमच्या हातात अजून पक्का नाही, आणि तिथे परत ७० च्या लयीवर जावे लागते. आपल्या रिफमध्ये ही फट बहुधा चौथ्या मात्रेवर सापडेल.

कच्चे रेकॉर्डिंग ड्रमरला पाठवताना मी आखलेला संगणकाचा ठेका आता बंद करतो आणि फक्त गिटार व मेट्रोनोम असलेली दुसरी फाइलही सोबत देतो, म्हणजे तो माझ्या ठेक्याला बांधला जात नाही. पहिल्या एकत्र सरावात गाणे ऐंशीच्या लयीवर तीनदा वाजवावे, कोणी अडखळले तरी न थांबता शेवटपर्यंत जावे आणि खोलीच्या कोपऱ्यात फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवावा.